वर्गात गप्प बसणारं लेकरू आणि इंग्रजीचा तास



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. बचत गोळा झाली, वही भरून झाली आणि अंतर्गत कर्जाची मागणी निघाली. एका ताईंनी बारा हजार मागितले. कशासाठी, असं अध्यक्ष ताईंनी विचारलं तर म्हणाल्या, "पोरीच्या शाळेची फी अन् गाडीचे पैसे." पोरगी दुसरीत आहे, तालुक्याच्या गावी इंग्रजी शाळेत जाते. गटाने कर्ज मंजूर केलं, शेकडा दोन रुपयांनी. ठराव लिहिला, सह्या झाल्या.

बाकीच्या उठल्यावर त्या ताई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "मॅडम, फी तर भरतो आम्ही. पण ती वर्गात तोंडच उघडत नाही म्हणते तिची बाई. घरी तर दिवसभर चिवचिव करते. डॉक्टरला दाखवू का?"

त्याच आठवड्यात दुसऱ्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या सरांनी मला वेगळ्याच शब्दांत हेच सांगितलं. "सेमी इंग्रजी सुरू केलं खरं, पण अर्धा वर्ग नुसता बघत बसतो. पोरं कच्ची आहेत." मला वाटलं, आई घाबरली आहे आणि सर कंटाळले आहेत. दोघांच्या मध्ये लेकरू बसलं आहे आणि त्याला काय होतंय हे कोणीच नीट बघितलेलं नाही. म्हणून हा लेख.

आधी ताईंच्या प्रश्नाचं उत्तर. घरी आपल्या भाषेत खळखळून बोलणारं मूल शाळेत गप्प असेल तर बहुतेक वेळा तो आजार नसतो. नवीन भाषेत टाकलेली लहान मुलं सुरुवातीला काही आठवडे, काही वेळा काही महिने नुसती ऐकतात. भाषेचा अभ्यास करणाऱ्यांनी हे जगभरच्या मुलांमध्ये पाहिलं आहे. तान्हं बाळ तरी काय करतं? वर्षभर ऐकतं आणि मग "आई" म्हणतं. तेव्हा आपण त्याला मठ्ठ म्हणत नाही. फक्त एक बघा. मूल घरच्या भाषेतही कमी बोलत असेल, हाक मारल्यावर वळत नसेल, टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसत असेल, तर कान जरूर तपासून घ्या. शाळेत आणि अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं आरोग्य पथक येतं, त्यांना दाखवता येतं. आशाताईंना विचारलं तरी त्या तारीख सांगतील.

माझी स्वतःची गोष्ट सांगते. मी बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. बीए मराठीतून. एमएसडब्ल्यूच्या पहिल्या वर्षाला एक सर सगळं इंग्रजीत बोलायचे आणि झरझर बोलायचे. सहा महिने मी वर्गात एकही प्रश्न विचारला नाही. एकदा ते म्हणाले, "खेड्यातल्या मुली वाचून येत नाहीत." मी रोज रात्री डिक्शनरी घेऊन एकेक पान लावत होते. मला विषय कळत होता, पण तोंडात वाक्य तयार होईपर्यंत वर्ग पुढे गेलेला असायचा. बावीस वर्षांच्या मुलीचं हे झालं. सात वर्षांच्या पोरीचं काय होत असेल!

आता जरा इंग्रजीकडे येऊ. आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी विषय आहे. त्याआधी तो पाचवीपासून सुरू व्हायचा. म्हणजे आपल्यापैकी पस्तिशी-चाळिशीच्या बहुतेक ताईंनी एबीसीडी पाचवीत पाहिली, आणि लेकरं पहिलीपासून शिकतात. मग त्यांना लवकर यायला हवं ना? हिशोब करून बघा, आपण तर हिशोबाच्या बायका आहोत. रोज इंग्रजीचा एक तास चाळीस मिनिटांचा धरा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षात कमीत कमी २०० दिवस शाळा भरते. २०० गुणिले ४० म्हणजे ८,००० मिनिटं, म्हणजे १३३ तास. मूल दिवसाला बारा तास जागं असतं असं धरलं तर हे झाले जेमतेम ११ दिवस. वर्षभरात ११ दिवस! तेही सर रजेवर नसतील, निवडणुकीच्या किंवा सर्व्हेच्या कामाला लावले नसतील तर. उरलेले ३५४ दिवस त्याच्या कानावर इंग्रजी पडतच नाही.

कॅनडामध्ये जिम कमिन्स नावाचे एक अभ्यासक आहेत. बाहेरच्या देशांतून तिकडे आलेल्या मुलांचा त्यांनी अभ्यास केला. त्यांचं म्हणणं असं की खेळताना, दुकानात बोलण्यापुरती इंग्रजी मुलांना साधारण दोन वर्षांत येते. पण पुस्तकातली इंग्रजी, म्हणजे गणिताची, विज्ञानाची, परीक्षेतल्या प्रश्नांची, ती बरोबरीने यायला पाच ते सात वर्षं लागतात. आणि तिकडे तर रस्त्यावर, दुकानात, टीव्हीवर सगळीकडे इंग्रजीच. आपल्या गावात ती पाटीवर आणि बिस्किटाच्या पुड्यावर. तेव्हा दुसरीतल्या पोरीने घडाघडा बोलावं ही अपेक्षा तिच्यावरही अन्याय आणि तिच्या बाईंवरही.

कमिन्स यांची आणखी एक गोष्ट मला फार पटली. ते म्हणतात, मुलाच्या डोक्यात दोन भाषांसाठी दोन वेगळे डबे नसतात. खाली एकच साठा असतो. "कमी-जास्त", "कारण", "आधी-नंतर" हे एकदा मराठीत नीट समजलं की इंग्रजीत फक्त नवा शब्द शिकायचा राहतो. पण मराठीतच समजलेलं नसेल तर इंग्रजी शब्द पाठ होतो, अर्थ येत नाही. म्हणून मराठी बोललं की इंग्रजी बिघडते हा समज चुकीचा आहे. काही इंग्रजी शाळांमध्ये वर्गात मराठी बोललं तर दंड घेतात असं दोन-तीन ताईंनी मला सांगितलं. एका मुलाने तर पाच रुपये नकोत म्हणून लघवीला जायचं विचारलंच नाही, आणि पुढचं तुम्हाला कळलंच असेल. याबद्दल शाळेत जाऊन बोललं पाहिजे. भांडायला नको, पण बोलायला हवं.

आता मुलं ज्या चुका करतात त्या बघू. मला यातलं सगळ्यात जास्त आवडतं, कारण त्या चुका बावळटपणाच्या नसतात. मूल मराठीचा नियम इंग्रजीला लावत असतं. म्हणजे डोकं चालवतंच आहे.

मूल म्हणतं "माय नेम सीता". बाई म्हणतात "इज कुठे गेलं?" अहो, मराठीत आपण "माझं नाव सीता" असंच म्हणतो. त्यात "आहे" लागतच नाही. मूल म्हणतं "आय स्कूल गो", कारण "मी शाळेत जाते" यात जाणं शेवटी येतं. इंग्रजीत ते मध्ये येतं. आपण "टेबलावर" म्हणतो, "वर" मागून चिकटतं. इंग्रजीत "ऑन द टेबल", "वर" आधीच येऊन बसतं. आणि ते "द" तर आपल्याकडे नाहीच, त्यामुळे मुलं ते कुठेही घालतात किंवा घालतच नाहीत. एका मुलीने खुर्चीला "शी" म्हटलं आणि सगळा वर्ग हसला. पण खुर्ची मराठीत ती-च असते ना? पंखा तो, खुर्ची ती, टेबल ते. इंग्रजीत वस्तूंना सरसकट "इट". हे त्या मुलीला कोणी सांगितलेलंच नव्हतं.

वाचनाचंही तसंच. देवनागरीत जे लिहितो ते वाचतो. "क" कुठेही आला तरी "क". इंग्रजीत "सी" हे एकच अक्षर कॅटमध्ये "क" होतं आणि सिटीमध्ये "स". पुट आणि बट लिहायला सारखे, बोलायला वेगळे. ज्या मुलाला मराठी वाचन पक्कं येतं त्याला हे निदान कळतं की ही भाषा वेगळ्या नियमाने चालते. ज्याचं मराठी वाचनच कच्चं आहे ते मूल दोन्हीकडे अडकतं.

गणितात तर फारच गंमत, आणि फारच नुकसान. ज्या सरांनी पोरं कच्ची आहेत म्हटलं, त्यांच्याच चौथीच्या वर्गात मी त्या दिवशी बसले. सेमीच्या पुस्तकासारखं एक उदाहरण सरांनी चित्र काढून दिलं होतं. झाडावर बारा पक्षी, पाच उडून गेले, "हाऊ मेनी आर लेफ्ट?" एका मुलाने उत्तर लिहिलं चार. सर म्हणाले, बघा, वजाबाकी येत नाही. मी त्या मुलाला मराठीत विचारलं, चार कसे आले रे? त्याने चित्रात डाव्या बाजूच्या फांदीवर बोट ठेवलं आणि पक्षी मोजून दाखवले. एक, दोन, तीन, चार. लेफ्ट म्हणजे डावा! पहिलीपासून "लेफ्ट हँड, राइट हँड" शिकवलंय की आपण त्याला. लेफ्ट म्हणजे "उरले" हे त्याला कोणी सांगितलं होतं? मग मी म्हटलं, बारा होते, पाच गेले, किती उरले? तो लगेच "सात" म्हणाला. त्याचे बाबा संत्र्याच्या तोडीला जातात, तो सुट्टीत क्रेट मोजतो. त्याला वजाबाकी येत नाही म्हणणं म्हणजे कमालच.

सरांना मी काही बोलले नाही, त्यांनीच पाहिलं. चांगला माणूस आहे तो. म्हणाले, "हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं." असे फसवे शब्द बरेच आहेत. "टेबल" म्हणजे मेज आणि "टेबल" म्हणजे पाढाही. "डिफरन्स" म्हणजे फरक, पण गणितात तो म्हटला की वजाबाकी करायची. "ऑड" म्हणजे विषम संख्या आणि एरवी विचित्र.

संख्यांची नावंही बघा. आपण "एकवीस" म्हणतो, एक आधी, वीस मागून. इंग्रजीत "ट्वेंटी-वन", वीस आधी. सेमीतलं मूल एकवीस ऐकून १२ लिहितं ते यामुळे. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" असं वाचन दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवतं? टीव्हीवर चर्चा, व्हॉट्सॲपवर विनोद. मला स्वतःला एकवीस, बावीसच गोड वाटतं. पण मुलांना जोड-संख्या जड जातात ही अडचण खरी होती, ती कोणी काढली म्हणून हसण्यासारखं नव्हतं.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट आहे. मेळघाटातून कामासाठी खाली आलेली कोरकू कुटुंबं आपल्या गावांत राहतात, त्यांच्या ताई आपल्या गटांत आहेत. कोरकू भाषा मराठीच्या नात्यातली नाही, तिचं घराणंच वेगळं आहे. त्या लेकरांसाठी मराठी हीच दुसरी भाषा आणि इंग्रजी तिसरी. मराठीत समजावून सांगा, हा उपाय त्यांना पुरत नाही. वर्गात दुसरं कोरकू मूल असेल, थोडं मोठं, तर त्याला शेजारी बसवलं तरी खूप होतं. त्याने दोन शब्द कानात सांगितले की लेकराची मान वर येते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

शिक्षकांबद्दल एक बोलते, कारण त्यांना दोष देणं सोपं असतं. छोट्या शाळेत दोन शिक्षक आणि चार वर्ग. त्यातले बरेच जण स्वतः मराठी माध्यमातून शिकलेले, माझ्यासारखे. त्यांनाही इंग्रजी बोलायची भीती वाटते. म्हणून मग ते फळ्यावर लिहितात आणि मुलं उतरवून घेतात. तेव्हा त्यांना सांगायचं ते अशा पद्धतीने की त्यांचं काम हलकं होईल.

मी त्या सरांबरोबर काय ठरवलं ते सांगते, तुमच्या शाळेतही चालेल. तासाची पहिली पाच मिनिटं नुसती कृतीची. "स्टँड अप", "टच युवर नोज", "गिव्ह मी युवर पेन". मुलांनी बोलायचं नाही, ऐकून करायचं. गप्प मूलही यात भाग घेतं आणि त्याला किती समजतंय ते सरांना दिसतं. मग चूक सुधारायची पद्धत. मूल "आय स्कूल गो" म्हणालं तर "चूक" न म्हणता "येस, यू गो टू स्कूल, व्हेरी गुड" म्हणायचं आणि पुढे जायचं. ऐकून ऐकून ते बसतं. प्रश्न विचारल्यावर मनात दहा मोजायचे, लगेच दुसऱ्याकडे वळायचं नाही. हे सरांना सगळ्यात अवघड गेलं, ते स्वतःच हसत म्हणाले. आणि गणितात आधी उदाहरण मराठीत तोंडी करून घ्यायचं, मग तेच इंग्रजीत. अलीकडे बालभारतीने लहान वर्गांसाठी द्विभाषिक पुस्तकंही काढली आहेत, त्यांत मराठीच्या जोडीला इंग्रजी आहे. ती दप्तरात नुसती पडून राहू नयेत.

एक मजेचा उपक्रमही झाला. मुलांना घरून इंग्रजी शब्द गोळा करून आणायला सांगितले. तुम्हाला वाटेल घरी कुठली इंग्रजी! एका पोराने आजीला विचारून आणले: बँक, पासबुक, लोन, मीटिंग, व्हाउचर, मोबाईल, रिचार्ज, स्टँड, तिकीट, डॉक्टर, सलाईन, ब्लाऊज, पिको, फॉल. फळा भरला. ती आजी निरक्षर आहे, गटात अंगठा देते. सर म्हणाले, तुझ्या आजीला तर खूप इंग्रजी येतं. पोरगं दिवसभर मिरवत होतं.

आता आपण घरी काय करायचं. पहिलं म्हणजे, तुम्हाला येत नसताना मोडकी इंग्रजी बोलू नका, "कम कम, ईट ईट" याने काही होत नाही. तुमची जी भाषा आहे, वऱ्हाडी असो की कोरकू, त्यात भरपूर बोला. गोष्टी सांगा, शेतातलं दाखवा, "का?" विचारा, हिशोब करायला लावा. संध्याकाळी "आज काय शिकवलं ते मला आपल्या भाषेत सांग" म्हणा. जे त्याला आपल्या भाषेत सांगता येतं ते त्याला समजलं आहे. अडखळलं तर तेवढंच उद्या बाईंना विचारायचं. वाचता येत नसलं तरी शेजारी बसा आणि लेकराला बोट ठेवून मोठ्याने वाचायला सांगा. आणि कृपा करून पाहुण्यांसमोर "इंग्लिशमध्ये बोलून दाखव" असं करू नका. मलाच लहानपणी त्याचा इतका राग यायचा.

शाळेत बोलायची जागा म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. त्याच कायद्यात लिहिलंय की शिक्षणाचं माध्यम शक्य तोवर मुलाची मातृभाषा असावी, आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही निदान पाचवीपर्यंत तसंच सांगितलं आहे. आपल्या बऱ्याच ताई समितीवर आहेत, पण सही करून येतात. पुढच्या बैठकीत सरांना एवढं विचारा: सेमीच्या गणितात कोणते शब्द मुलांना अडतात? गप्प मुलं कोणती? त्यांच्या घरी कोणती भाषा बोलतात हे तुम्हाला माहीत आहे का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सरांपेक्षा आपल्याला जास्त माहीत असतं. कोणतं मूल आजीजवळ राहतं, कोणाचं बिऱ्हाड दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातं, हे गटाच्या ताईला तोंडपाठ. ते सरांना सांगा. शिक्षकांची केंद्रावर शिक्षण परिषद होते, तिथे हा विषय घ्या असंही सुचवता येईल.

त्या बारा हजारवाल्या ताईंकडे परत येते. त्यांच्याबरोबर मी त्या शाळेत गेले. बाई चोवीस-पंचवीसच्या, माझ्याएवढ्याच. आधी जरा तुटक बोलल्या. मग ताईंनी सांगितलं की पोरगी घरी बकरीला शाळा भरवून शिकवते, अन् बकरीला इंग्रजीतून रागावते, "सिट डाऊन! कीप क्वाएट!" बाई खळखळून हसल्या. म्हणजे तिला येतंय, म्हणाल्या. तिला महिनाभर उभं करून विचारणार नाही, शेजारच्या मैत्रिणीबरोबर जोडीने बोलू देईन, असं त्यांनी कबूल केलं. मराठीत उत्तर दिलं तरी घेईन म्हणाल्या, पण तेवढं मोठ्या मॅडमना सांगू नका.

पुढच्या वर्षी तिला त्याच शाळेत ठेवायचं की गावातल्या शाळेत घालायचं, हे ताईंचं अजून ठरलेलं नाही. घरचे म्हणतात एवढे पैसे घातलेत, आता काढायची नाही. ताई म्हणतात, गावातल्या शाळेत ती निदान बोलेल तरी. मी दोन्हीकडची फी, गाडीचा खर्च आणि शाळेत शिकवणारे किती आहेत ते कागदावर मांडून दिलं आहे. निर्णय त्यांचा. येत्या बैठकीत त्यांचा कर्जाचा दुसरा हप्ता आहे, आणि रविवार आहे, म्हणून पोरीलाही घेऊन या असं मी सांगितलंय. बकरी नाही आणली तरी चालेल.